अंधेरीचे डिसोझा, बोरिवलीचे परेरा

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांत सोळाव्या शतकात जोग्यांची वस्ती होती. अंतोनियो दो पोर्तो हा फ्रान्सिस्कन पाद्री त्यांच्यापर्यंत जाऊन पोचला आणि त्यांतल्या दोन नामांकित जोग्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. दियोगो दो कौतो या पोर्तुगीज इतिहासकाराने ही हकिकत लिहून ठेवली आहे. बाप्तिस्म्यानंतर एक जोगी झाला फ्रान्सिस्को द सांता मारिया आणि दुसरा पावलो रापोझो. आज जो भाग मुंबईचे उत्तर उपनगर म्हणून ओळखला जातो, तिथल्या माणसांना मिळालेल्या पोर्तुगीज आडनावांची ही अगदी सुरुवातीची उदाहरणे आहेत. रापोझो म्हणजे कोल्ह्यावरून पडलेले पोर्तुगालमधले एक जुने घराण्याचे नाव. ज्याने सगळी घरेदारे सोडली होती, त्या जोग्याला ते मिळाले.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्याबरोबर साष्टी व मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली. वांद्र्यापासून घोडबंदरपर्यंतचे साष्टी बेट म्हणजे आजची अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हे सगळे त्यात आले. पाठोपाठ धर्मप्रसारक आले. बेटाच्या उत्तरेला फ्रान्सिस्कनांनी जम बसवला. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात त्यांनी प्रार्थनामंदिर केले आणि लेण्याच्या माथ्यावर मठ व विद्यालय उभारले. दक्षिणेला जेझुइट होते. वांद्र्याचे सेंट अँड्र्यू चर्च १५७५ चे, तर मरोळजवळचे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च १५७९ चे. या भागात मानुएल गोम्स या जेझुइटाने इतकी वर्षे आणि इतक्या नेटाने काम केले, की त्याला ‘साष्टीचा प्रेषित’ म्हटले जाई.

धर्मांतराची कारणे गावागणिक आणि घरागणिक वेगळी होती. सत्तेचा धाक होता. देवळे पाडली गेली, लेण्यांतल्या मूर्ती झाकल्या गेल्या. नोकरीची आणि जमिनीची आशा होती, दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांना मठात मिळणारे अन्न होते, आणि काहींच्या मनात श्रद्धाही होती. यातले एकच कारण उचलून सगळा इतिहास त्यावर टांगला, तर ज्यांच्या आयुष्यात हे घडले त्यांच्यावर अन्याय होतो. आडनावांच्या बाबतीत मात्र पद्धत बहुतेक सगळीकडे सारखीच होती.

बाप्तिस्म्याच्या, म्हणजे वसईकडच्या मराठीतल्या स्नानसंस्काराच्या, वेळी नवख्रिस्ती माणसाला धर्मपिता लागतो. नव्याने उभ्या राहिलेल्या गावात जुना ख्रिस्ती माणूस म्हणजे बहुधा एखादा पोर्तुगीज असे: ठाण्याच्या किंवा वसईच्या किल्ल्यातला कप्तान, जकातीवरचा अंमलदार, नाहीतर गावचा जमीनदार. वसई प्रांतातली गावे पोर्तुगीज राजाने लष्करी चाकरीच्या बदल्यात आपल्या माणसांना खंडाने दिली होती. त्यामुळे गावचा धनी आणि गावातल्या नवख्रिस्त्यांचा धर्मपिता एकच असणे स्वाभाविक होते. संताचे नाव मिळे ते पहिले नाव म्हणून, धर्मपित्याचे मिळे ते आडनाव म्हणून. कधी स्नान घालणाऱ्या पाद्र्याचेच आडनाव दिले जाई. एकाच दिवशी पन्नास जणांचा विधी झाला आणि धर्मपिता एकच असला, तर संध्याकाळपर्यंत पन्नास परेरा तयार होत. उलट दोन सख्ख्या भावांचे धर्मपिते वेगळे असले, तर एक डिमेलो आणि दुसरा फर्नांडिस होऊ शके.

म्हणूनच पोर्तुगीज आडनाव म्हणजे पोर्तुगीज रक्त हा समज साष्टीपुरता तरी सोडून द्यायला हवा. मिश्र कुटुंबे नव्हती असे नाही. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा पोर्तुगीज बाप आणि कोकणी आई यांचा मुलगा. तो ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधल्या नागासाकीला हुतात्मा झाला आणि १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. त्याचे गार्सिया हे आडनाव बापाकडून आलेले. पण मरोळ, आंबोली, गोराई, मनोरी, किरोळ इथल्या कोळी, भंडारी, कुणबी, आगरी, कुंभार घरांत आलेले गोम्स आणि डिसिल्वा हे चर्चच्या वहीतून आलेले होते.

ज्या देशातून ही आडनावे आली, तिथेही ती मोठा प्रवास करून आली होती. शेवटी ‘एस’ असलेली आडनावे बापाच्या नावावरून पडली. फर्नांदोचा मुलगा फर्नांडिस, रॉद्रिगोचा रॉड्रिग्ज, गोन्सालोचा गोन्साल्विस, लोपोचा लोपीस. इंग्लंडमध्ये जॉनचा मुलगा जॉन्सन झाला, तीच ही रीत. फर्नांदो, रॉद्रिगो, गोन्सालो ही नावे रोमन साम्राज्य कोसळल्यावर आयबेरियात शिरलेल्या व्हिसिगॉथ टोळ्यांच्या जर्मेनिक भाषेतली आहेत. दुसरा मोठा गट गावांचा आणि नद्यांचा. सोझा ही उत्तर पोर्तुगालमधली दोउरो नदीला मिळणारी नदी, म्हणून ‘द सोझा’ हा आपल्याकडच्या ‘कर’ लावलेल्या आडनावांचा सख्खा भाऊ. आल्मेडा हे स्पेनच्या सीमेवरचे तटबंदीचे गाव. झाडांवरून परेरा, म्हणजे नासपतीचे झाड, आणि कार्व्हालो, म्हणजे ओक. मच्याडो म्हणजे कुऱ्हाड, कोरिया म्हणजे चामड्याचा पट्टा, कुएलो म्हणजे ससा. या सगळ्यांत थांबून बघावे असे आडनाव मिस्किटा. वांद्रे-अंधेरीकडच्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांत ते बरेच भेटते. पोर्तुगीजमध्ये ‘मेस्किता’ म्हणजे मशीद. अरबांनी आयबेरियावर कित्येक शतके राज्य केले, त्या काळातल्या मशिदीशेजारच्या वस्त्यांवरून ते पडले. अरबी ‘मस्जिद’पासून निघालेला शब्द लिस्बनमार्गे साष्टीत येऊन चर्चच्या नोंदवहीत ख्रिस्ती आडनाव म्हणून बसला.

नावे फिरवण्याचे हे काम फक्त इथल्या लोकांवरच झाले असे नाही. इंग्लंडच्या विल्टशायरमधला थॉमस स्टीफन्स हा जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला, आणि पोर्तुगीज कागदांत तोमास एस्तेव्हांव झाला. त्याने १६१६ साली मराठीत ख्रिस्तपुराण रचले. उत्तर कोकणातल्या ख्रिस्त्यांसाठी तसेच एक पुराण फ्रान्सिस्को वाझ द गिमारांइश या फ्रान्सिस्कनाने १६५९ मध्ये इकडच्या मराठीत लिहिले. साष्टी-वसईच्या गावांत उपवासकाळात ते गायले जाई, आणि मुंबईत १८४५ मध्येही ते पुन्हा छापले गेले. म्हणजे परेरा आणि डिसोझा आडनावांची माणसे दोनशे वर्षांनंतरही येशूच्या मरणाची कथा मराठी ओव्यांतून गात होती.

आडनाव बदलले, पण जे त्याहून खोल होते ते टिकले. घरातली भाषा मराठीच राहिली. लग्नात हळद राहिली, वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचं पाणी’ आणणे राहिले, बायकांचे लुगडे राहिले. पावसाळ्यानंतर नव्या भाताची कणसे चर्चमध्ये नेऊन आगेरा साजरा होऊ लागला. रोटीबेटीचे व्यवहारही जुन्या जातींच्या चौकटीतच चालत राहिले, आणि १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर साष्टीतल्या ख्रिस्त्यांचे वर्णन करताना याची दखल घेते. वसईत सामवेदी ख्रिस्ती स्वतःला कुपारी म्हणवतात. मुलाचा बाप आणि धर्मपिता पोर्तुगीजमध्ये एकमेकांचे ‘कोंपाद्रे’ असतात, त्यावरून कुपारी आले असे मानतात. ज्या नात्याने आडनावे दिली, त्याच नात्याने एका समाजाला त्याचे नावही दिले.

आता एका गावात तीस घरे परेरांची असतील, तर परेरा म्हणून हाक मारून कोण ओ देणार? आडनावाने जे सांगता येत नव्हते, ते गाव, पाखाडी आणि टोपणनाव सांगत असे. कोणाचा नातू, कोणत्या विहिरीजवळचा, कोणत्या क्रुसाशेजारचा, यावरून माणूस ओळखला जाई. मरोळचा, चकाल्याचा, सहारचा, वझिऱ्याचा अशी ओळख रोजच्या व्यवहारात खरी ठरे. मुंबईच्या गावठाणांतल्या म्हाताऱ्या माणसांना आजही गावाचे नाव सांगितल्याशिवाय पाहुण्याचा पत्ता लागत नाही.

१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांसमोर वसई पडली. पोर्तुगीज अधिकारी, जमीनदार आणि युरोपीय पाद्री गोव्याकडे निघून गेले. ज्यांची आडनावे इथल्या लोकांनी धारण केली होती ती घराणी गेली, आडनावे मात्र मागे राहिली. शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्त्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक होती, आणि ती कागदापुरती नव्हती. १७६० मध्ये साष्टीत फिरलेल्या आंकेतील द्यु पेरों या फ्रेंच प्रवाशाने मराठ्यांच्या राज्यात ख्रिस्ती लोक मोकळेपणाने सण साजरे करताना पाहिले, आणि त्यांचे पुजारी बहुतेक इथलेच असल्याची नोंद केली. मराठी वाचकांनी वसईच्या विजयाच्या बरोबरीने ही नोंदही लक्षात ठेवावी.

या काळानंतर काही माणसे मागेही वळली. १८२० च्या सुमारास पटकीची मोठी साथ आली. तिच्या धास्तीने साष्टीतले काही ख्रिस्ती आगरी आणि कोळी पुन्हा हिंदू झाले. त्यांना उरप आगरी, म्हणजे युरोपातल्यांच्या धर्मातून आलेले, किंवा नवमराठे म्हणत. त्यांच्या काही घरांत पोर्तुगीज आडनावे तशीच चालू राहिल्याचे गॅझेटियरमध्ये आहे. धर्म दोनदा बदलला आणि आडनाव एकदाच. एखादे उसने नाव माणसाला किती घट्ट चिकटते, याचे याहून चांगले उदाहरण या बेटावर सापडणार नाही.

मुंबई बेट इंग्रजांकडे १६६५ मध्येच गेले होते, पण साष्टी त्यांच्या हाती लागली ती डिसेंबर १७७४ मध्ये, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यावर शिक्का बसला. इंग्रजी कागदांनी या आडनावांना नवा पोशाख चढवला. पोर्तुगीजमध्ये ‘द’ हा शब्द पुढच्या नावापासून सुटा लिहितात, आणि पुढे स्वर आला तरच त्याचा स्वर गळून वर स्वल्पविराम येतो, उदाहरणार्थ आल्मेडाच्या आधी. सोझा, सिल्वा, क्रूझ अशा व्यंजनाने सुरू होणाऱ्या नावांआधी तो येत नाही. मुंबईत मात्र ‘डी’ वर स्वल्पविराम देऊन मोठ्या अक्षरांत आडनाव लिहायची पद्धत पडली. आज कुठल्याही देशाच्या पासपोर्टवर असा डिसोझा दिसला, की त्याचे मूळ पश्चिम किनाऱ्यावर आहे हे जाणकार लगेच ओळखतात.

सरकारी नोकऱ्या वाढल्या, एप्रिल १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली, गिरण्या आल्या. साष्टीतले मराठी ख्रिस्ती कारकून, दाया, शिक्षक, कारागीर म्हणून शहरात जाऊ लागले. त्याच सुमारास गोव्यातूनही ख्रिस्ती लोक मोठ्या संख्येने मुंबईत येत होते. त्यांचीही आडनावे डिसोझा, फर्नांडिस, परेरा. इंग्रज दोघांनाही सरसकट ‘पोर्तुगीज’ म्हणत. गोव्याचा माणूस खरोखरच पोर्तुगीज राजाचा प्रजाजन होता. अंधेरीचा माणूस शंभरहून जास्त वर्षे कंपनीचा आणि नंतर राणीचा. नोकरीच्या बाजारात हा फरक साहेबाच्या लक्षात आणून देणे गरजेचे होते, आणि आडनाव त्या कामी पूर्णपणे निरुपयोगी ठरले. तिथे गाव आणि पाखाडीची ओळखही चालेना, कारण ती फक्त गावकऱ्यांना कळत होती.

त्यावर तोडगा निघाला तो १८८७ मध्ये. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, २६ मे रोजी, ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतले आपण पहिले, म्हणून समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. पश्चिम किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी माणसांनी पूर्वेचे नाव घ्यावे, हे नकाशा बघणाऱ्याला आजही कोड्यात टाकते. पण त्यामागची गरज अगदी खरी होती. धर्मपित्याने दिलेल्या नावाने आपण कोण हे सांगता येईना, म्हणून लोकांनी त्यापुढे दुसरे नाव जोडले. स्वतःच्या बोलीत ते आपल्याला मोबायकर म्हणवतात, आणि त्या नावाला कोणाच्याही स्पष्टीकरणाची गरज लागत नाही.

या समाजातले सर्वांत मोठे नाव जोसेफ बाप्टिस्टा. घराणे मूळचे भाईंदरजवळच्या उत्तनचे, जन्म १७ मार्च १८६४ रोजी माझगावच्या मातारपाखाडीत. पुण्यात अभियांत्रिकी, मग वनखात्यात नोकरी, मग केंब्रिज आणि बॅरिस्टरी. लोकमान्य टिळकांचे ते स्नेही आणि वकील, आणि एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात होमरूल लीग उभी राहिली तेव्हा तिचे अध्यक्ष. कामगारांच्या संघटना बांधण्यात ते पुढे होते, १९२० च्या आयटकच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता, आणि १९२५ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. सगळा महाराष्ट्र त्यांना ‘काका’ म्हणत असे. बाप्टिस्टा हे आडनाव म्हणजे बाप्तिस्मा देणारा संत योहान. चर्चच्या वहीत लिहिलेले एक धार्मिक आडनाव, त्यापुढे मराठीतले नात्याचे संबोधन, आणि दोन्ही मिळून स्वातंत्र्यलढ्यातल्या एका माणसाची ओळख. एखाद्या समाजाने बाहेरून आलेले नाव पूर्णपणे आपले केले म्हणजे काय होते, हे ‘काका बाप्टिस्टा’ या दोन शब्दांत कळते. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर त्यांच्या नावाची बाग आहे.

त्याच संताच्या नावाचे मरोळजवळचे १५७९ चे चर्च आता भग्नावस्थेत आहे. १८४० मध्ये साथीच्या रोगाने गाव उठले, लोक मरोळला जाऊन राहिले आणि तिथे नवे चर्च उभे राहिले. जुन्या चर्चची जमीन पुढे उद्योगखात्याकडे गेली आणि १९७३ मध्ये तिथे सीप्झ हे निर्यात प्रक्रिया क्षेत्र आले. संगणकाच्या आणि दागिन्यांच्या कारखान्यांच्या कुंपणात आज त्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत. सहारची शेते विमानतळाखाली गेली, विहार तलावाने आणखी काही गावांची जमीन गिळली. गावठाणे राहिली ती इमारतींच्या मधल्या फटींत, एखादा क्रूस आणि पाच-दहा कौलारू घरे धरून. घराच्या पाटीवर आडनाव इंग्रजीत असते, आणि नवा शेजारी हमखास विचारतो, ‘तुम्ही गोव्याचे का?’ १८८७ मध्ये साहेबाला समजवायला ज्या गोष्टीसाठी संस्था काढावी लागली, ती आता अंधेरी लोकलमधल्या सहप्रवाशाला समजवावी लागते.

वसई खाडी ओलांडली की हीच आडनावे वेगळी दिसतात. तिथे मराठी शाळा टिकल्या, म्हणून आडनावे देवनागरीत रुळली आणि मराठी कानाप्रमाणे बदलली: घोन्सालवीस, लोपीस, फुर्ट्याडो, मच्याडो, तुस्कानो, रुमाव. ‘द ब्रितो’चे ‘दिब्रिटो’ झाले. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा एका ख्रिस्ती धर्मगुरूच्या निवडीला काही जणांनी विरोध केला. तोवर ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन करण्यात आणि ‘सुबोध बायबल’ मराठीत आणण्यात त्यांची कित्येक वर्षे गेली होती. प्रकृती साथ देत नव्हती, तरी दिब्रिटो उस्मानाबादला गेले आणि अध्यक्षपदावरून मराठीत बोलले.